मदत हवी आहे : १९६६ चा फेंडर चॅम्प, वाढती गुणगुण आणि परभणीची वीज

नमस्कार.

माझ्याकडे माझ्या दिवंगत काकांचा फेंडर चॅम्प हा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) छोटा गिटार अ‍ॅम्प्लिफायर आहे. काका परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकवत असत. त्याआधी शिक्षणासाठी अमेरिकेत असताना त्यांनी तो एका सहाध्यायाकडून जुनाच विकत घेतला आणि परतताना कपड्यांच्या पेटीत गुंडाळून इकडे आणला. गेली सहा वर्षे तो माझ्याकडे आहे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा मी त्यावर वाजवतो. शोभेची वस्तू म्हणून तो कपाटात ठेवण्याची माझी इच्छा नाही. मात्र गेल्या वर्षभरात तीन तक्रारी एकदम उद्भवल्या आहेत, आणि त्यातील कोणती अ‍ॅम्प्लिफायरची, कोणती घरच्या विजेची, हेच मला वेगळे करता येत नाही.

आधी यंत्राची ओळख करून देतो. पुढची पट्टी काळी आहे आणि तिच्यावर व्हॉल्यूम, ट्रेबल व बास अशी तीनच बटणे आहेत. आत ८ इंची स्पीकर आणि एकूण तीन व्हॉल्व्ह आहेत : सुरुवातीच्या टप्प्यासाठी १२एएक्स७, आउटपुटसाठी एकच ६व्ही६ आणि विजेचे एकदिशीकरण करणारा ५वाय३. ताकद जेमतेम सहा वॉट. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर ६०६ या आकड्याने सुरू होणारा छाप आहे. ६०६ हा शूमाकर या उत्पादकाचा क्रमांक असून त्यापुढचा अंक वर्षाचा आणि शेवटचे दोन अंक आठवड्याचे असतात. माझ्या ट्रान्सफॉर्मरवर वर्षाचा अंक ६ आहे आणि काळ्या पट्टीचे चॅम्प १९६४ ते १९६७ या काळातलेच असल्यामुळे तो १९६६ चा धरायला हरकत नसावी. १२एएक्स७ च्या जागी काकांनी कधीतरी भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी८३ बसवला होता. तो त्याच व्हॉल्व्हचा युरोपीय क्रमांक आहे आणि अजून उत्तम चालतो.

मूळ अडचण अशी की हे यंत्र ११७ व्होल्ट आणि ६० सायकलच्या (म्हणजे हर्ट्झच्या) विजेसाठी बनवलेले आहे, आणि आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० सायकल आहे. व्होल्टेज अर्धे करण्यासाठी काकांच्या काळापासूनचा एक जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आहे. सायकलचा फरक मात्र कोणत्याही स्टेप-डाउनने भरून निघत नाही.

पहिली तक्रार गुणगुणीची. पूर्वी ती कान जाळीला लावल्याशिवाय ऐकू येत नसे, आता खोलीच्या दारातून येते. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती कमी होत नाही. एका जाणकारांच्या सूचनेवरून मी यंत्र बंद करून, थंड झाल्यावर ईसीसी८३ काढून ठेवला आणि पुन्हा चालू केले, तरीही गुणगुण तशीच राहिली. म्हणजे दोष पहिल्या टप्प्यात नाही, एवढे समजले. हिचा सूर मी गिटारवर शोधला, तेव्हा तो सर्वात जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरच्या जी या सुराशी जवळजवळ जुळला. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. (हेच यंत्र अमेरिकेत गुणगुणत असते तर तिथे १२० हर्ट्झमुळे सूर बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी लागला असता. परभणीत आल्यावर ते सुरात आले, असे काका हसून म्हणत.)

दुसरी तक्रार आवाजाच्या ताकदीची आणि उष्णतेची. रब्बीच्या दिवसांत, विशेषतः शेतीपंपांची वीज चालू असते तेव्हा, आमच्या भागातल्या रोहित्रावर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तिच्यावर, इतका भार येतो की संध्याकाळी व्होल्टेज पडते. मी दोन महिने वहीत नोंदी ठेवल्या. संध्याकाळी सात वाजता १९० ते २०५ व्होल्ट आणि रात्री साडेअकरानंतर २४० ते २४८ व्होल्ट मिळतात. संध्याकाळी आवाज मऊ, दबलेला आणि लवकर फाटणारा येतो. खरे सांगायचे तर तो मला थोडा आवडतोही. रात्री आवाज खणखणीत असतो, परंतु पॉवर ट्रान्सफॉर्मर चाळीस मिनिटांत इतका तापतो की त्यावर तीन-चार सेकंदांहून अधिक हात ठेववत नाही. उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ३८ ते ४० अंशांवर असते, तेव्हा मी तो लावतच नाही.

तिसरी तक्रार गंभीर आहे. अनवाणी उभा राहून तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात. अ‍ॅम्प्लिफायरची वायर अजून मूळची दोन पिनांचीच आहे. आमच्या घराचे अर्थिंग मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्याचे आहे आणि एप्रिल-मे मध्ये त्यात बादलीभर पाणी ओतावे लागते.

मी एका दुकानात यंत्र दाखवले होते. तिथल्या कारागिराने ते उघडले, कौतुकाने पाहिले आणि सांगितले की हे सगळे काढून आत आयसीचे किट बसवू, शंभर वॉट आवाज येईल आणि फाटणारही नाही. आवाज फाटावा म्हणूनच मी हे वापरतो, हे त्यांना पटवून देणे मला जमले नाही. मी आभार मानून यंत्र परत आणले.

आता माझे प्रश्न. गुणगुण फिल्टर कंडेन्सरची (डीसीमधली लहर गाळून काढणाऱ्या कंडेन्सरची) आहे, हा माझा अंदाज बरोबर आहे का, आणि असल्यास मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा न हलवता काम करता येईल का? ५० सायकलवर हा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका किती? आमच्या मोंढ्यातील मोटार रिवायंडिंगवाले नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देण्यास तयार आहेत, तो बसवावा का? आणि मुंग्यांचे काय करावे? यंत्राला नवी छिद्रे पाडायची नाहीत आणि जे बदलेन ते पुन्हा मूळ स्थितीत आणता यावे, एवढीच माझी अट आहे.

प्रतिसाद, लातूर

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो, कारण मुंग्यांचा बंदोबस्त होईपर्यंत तुम्ही त्या यंत्रावर वाजवू नये. मी तीस वर्षे व्हॉल्व्हचे रेडिओ आणि लग्नाच्या लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले आहेत आणि असले झटके हसण्यावारी नेणारे लोकही पाहिले आहेत.

तुमचा स्टेप-डाउन प्लगमधून काढा आणि मल्टिमीटरने त्याच्या आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या तारांमधला रोध मोजा. तिथे जोडणी दिसली तर तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे एकाच गुंडाळीतून मधून तार काढलेली आहे. प्लग उलटा बसला की अशा ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाहेरच्या तारा जमिनीच्या तुलनेत जिवंत राहतात. शिवाय त्या काळच्या दोन पिनांच्या फेंडरमध्ये विजेच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत (यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कंडेन्सर असतो. वाजवणारे त्याला डेथ कॅप म्हणतात आणि ते नाव त्याने कमावलेले आहे. तो सोडवून टाका, तीन पिनांची वायर बसवून हिरवी तार चॅसीला घट्ट बांधा आणि फ्यूज व स्विच फेजच्या तारेवर येतील असे पाहा. आहे त्याच छिद्रातून हे काम होते. अर्थिंगही तपासून घ्या, कारण वाळलेल्या खड्ड्याला जोडलेली तिसरी पिन फक्त मनाचे समाधान करते.

गुणगुणीबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर वाटतो. ५वाय३ विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून फिल्टर कमजोर झाले की ५० च्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर येतो. हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तंतूच्या) किंवा अर्थिंगच्या तारांमुळे गुणगुण असती तर तुम्हाला तोच जी सूर एक सप्तक खाली ऐकू आला असता. दोन आउटपुट व्हॉल्व्हच्या पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही लहर बरीचशी आपोआप रद्द होते. चॅम्पला एकच ६व्ही६ असल्याने ती सोय नाही आणि फिल्टरचा म्हातारपणा लगेच कानावर येतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो डबा इतकी वर्षे टिकला, याचेच आश्चर्य माना.

डबा जागेवर राहू द्या, त्याच्या तारा सोडवा आणि नवे कंडेन्सर चॅसीच्या आत बसवा. रात्रीचे चढे व्होल्टेज पाहता ते ५०० व्होल्टचे घ्या. पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरडचा मोठा कंडेन्सर घालण्याचा मोह मात्र टाळा, २० पुरे. मोठा घातला तर ५वाय३ वर सुरुवातीचा ताण येतो आणि तो लवकर मरतो. आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रोध चिमट्यांनी लावून तो रिकामा करावा, नंतर मीटरने खात्री करावी आणि मगच हात घालावा. याचा सराव नसेल तर स्वतः करू नका. आणि स्पीकर सोडवून यंत्र कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

आता सायकलचा हिशेब. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा चुंबकीय भार व्होल्टेज भागिले सायकल या प्रमाणात वाढतो. ११७ व्होल्ट ५० सायकलवर दिले तर तो मूळच्या मानाने २० टक्के अधिक होतो. तुमच्याकडे रात्री २४५ व्होल्ट असतात तेव्हा स्टेप-डाउनमधून १२२ निघतात, म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त. रात्रीच्या उष्णतेचे मुख्य कारण हे. भार मूळ पातळीवर आणायचा तर ९७.५ व्होल्टच द्यावे लागतील, पण मग ६.३ व्होल्टचे हीटर ५.२५ वर येतात, आणि व्हॉल्व्हला साधारण १० टक्क्यांपलीकडचा फरक मानवत नाही. संध्याकाळी तुमचा आवाज मऊ होतो तो असाच. मधला मार्ग ११० व्होल्टचा. तिथे हीटरला ५.९ मिळतात आणि गाभ्यावरचा जादा भार १३ टक्क्यांवर येतो.

म्हणून रिवायंडिंगवाल्यांकडून चॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊ नका. त्यांच्याकडून २३० व्होल्टचा, प्रायमरी व सेकंडरी (वीज आत घेणारी व बाहेर देणारी गुंडाळी) पूर्ण वेगळ्या असलेला, १५० व्हीएचा स्टेप-डाउन करून घ्या आणि त्याला १००, ११० व ११७ अशा टॅपिंग (त्या त्या व्होल्टला गुंडाळीतून बाहेर काढलेल्या तारा) काढायला सांगा. यंत्राला हात न लावता निम्मे प्रश्न सुटतील.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

वरील प्रतिसादाला एवढीच पुस्ती : पुढे स्टॅबिलायझर लावणार असाल तर रिलेचा घेऊ नका. व्होल्टेज हलले की तो टकटक करतो, ती स्पीकरमध्ये येते आणि क्षणभर वीजही तुटते. सर्व्हो पद्धतीचा महाग पडतो पण शांत असतो. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर भारनियमनात त्यावर वाजवण्याचा हट्ट सोडा, ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो. ६व्ही६ आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनलेले मिळतात. एक सुटा घेऊन ठेवावा, पण जुना चालतो तोवर काढू नये.

धागाकर्ता

आपण दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

स्टेप-डाउन ऑटो ट्रान्सफॉर्मरच निघाला, आणि त्यावरच्या प्लगला उलटे-सुलटे असे काही नव्हतेच. डेथ कॅप काढली, तीन पिनांची वायर बसवली आणि अर्थिंगसाठी तांब्याची नवी पट्टी पुरून घेतली. मुंग्या थांबल्या. कंडेन्सरचे काम नांदेडच्या एका निवृत्त रेडिओ मेकॅनिककडे बसून करून घेतले. जुना डबा जागेवर आहे आणि काढलेला प्रत्येक भाग मी तारखेसह पाकिटात ठेवला आहे. तिसऱ्या पट्टीवरचा जी सूर नाहीसा झाला. आता जाळीला कान लावल्यावर एक सप्तक खालची बारीक गुणगुण येते, ती हीटरच्या तारांची असावी आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

टॅपिंगचा ट्रान्सफॉर्मर मोंढ्यातून मिळाला. ११० वर रात्री दीड तास वाजवले, तरी पॉवर ट्रान्सफॉर्मरवर आता हात ठेवता येतो. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आले की ११७ ची टॅपिंग घेतो, तेव्हा प्रत्यक्षात ९७ च्या आसपास मिळतात. हीटरच्या दृष्टीने ते कमीच आहेत, हे मला कळते. सर्व्हो स्टॅबिलायझरची चौकशी चालू आहे. तोपर्यंत संध्याकाळचे वाजवणे बंद ठेवले आहे आणि शेजाऱ्यांच्या सोयीसाठी रात्री व्हॉल्यूम तीनच्या वर नेत नाही.