कमी पैशांत कबड्डीचे फोटो: आधी लेन्स की आधी कॅमेरा?

लाल मातीकर

भातकापणी उरकली की आमच्याकडे कोकणात रात्रीच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. सामने संध्याकाळी सातला लागतात आणि अंतिम सामना मध्यरात्र उलटल्याशिवाय संपत नाही. मंडळाच्या मुलींच्या संघाचे फोटो काढण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. आता जुना कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स बदलायची ठरवली असून त्यासाठी ८० हजार रुपये बाजूला काढले आहेत.

गेल्या हंगामातल्या शेवटच्या चढाईचा माझा फोटो पाहिला की काय चुकते ते कळते. मागच्या कापडी फलकावरचे मोटारपंपांच्या दुकानाचे नाव अगदी स्वच्छ वाचता येते, पण घोटा धरणाऱ्या आमच्या कोपरारक्षक मुलीच्या हाताला सात बोटे दिसतात आणि मध्यरेषेकडे झेपावलेल्या चढाईपटूचा पंजा तर धुराची रेघ झाला आहे. त्या वेळी शटर (उघडे राहण्याचा वेळ) १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ/५.६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० होते. कबड्डीतला हात गोठवायला किमान १/८०० लागतो. त्याच लेन्सवर तो मिळवायचा तर आयएसओ २५,६०० करावा लागेल आणि मग फोटोत मुलींपेक्षा रवाच (दाणेदार ठिपकेच) जास्त दिसेल. तोच प्रकाश एफ/१.८ च्या लेन्सने घेतला तर १/८०० ला आयएसओ सुमारे २,६०० वर भागते. हा फरक कोणत्याही नव्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीतल्या फरकापेक्षा मोठा आहे.

म्हणून माझे मत असे की पैसे कमी असतील तेव्हा बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) जुनी घ्यावी आणि उजेड आत घेणाऱ्या लेन्स आधी घ्याव्यात. माझा बेत असा आहे: २०१४ साली आलेला कॅननचा ७डी मार्क टू, सेकंड हँड, ३६ हजारांच्या आसपास, सोबत जुनी ईएफ ८५ मिलिमीटर एफ/१.८ आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स. दोन्ही प्राइम (झूम नसलेल्या लेन्स) मिळून २४ हजार होतात. उरलेल्या पैशांत कार्ड, मोनोपॉड आणि एक ड्राय बॉक्स. यात कुणाला चूक दिसत असेल तर पैसे जाण्यापूर्वी सांगावे.

नदीकाठ

दादा, प्रकाशाचे गणित तुम्ही बरोबर मांडले आहे, पण फोकसचे गणित त्यात घेतलेलेच नाही. मी शालेय जिल्हास्तरीय स्पर्धांचे फोटो काढते. दोन हंगाम मी नेमका हाच संच, म्हणजे ७डी मार्क टू आणि ८५, वापरला आणि मग विकला.

या लेन्सने एफ/१.८ वर आठ मीटरवरच्या खेळाडूचा फोटो काढला तर पुढेमागे मिळून जेमतेम ६० सेंटिमीटर भाग स्वच्छ येतो. खेळाडू पाच मीटरवर आली की तो पंचवीस सेंटिमीटरच्या आत जातो, म्हणजे नाक स्वच्छ आणि खांदा पुसट. डीएसएलआरमध्ये, म्हणजे ७डीसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो काढणारा वेगळा असतो, त्यामुळे जुन्या बॉडीत आणि जुन्या लेन्समध्ये किंचित जरी तफावत असली तरी सगळा हंगाम मुलींच्या कानांवर फोकस लागत राहतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, ज्या सेन्सरवर फोटो उमटतो त्याच्यावरच फोकस मोजला जातो, म्हणून ही तफावत मुळातच संपते.

मी एक वर्ष वापरलेला कॅननचा मिररलेस आर१० (२०२२ चे मॉडेल) ५२ हजारांना घेतला, जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा ईएफ-आर अ‍ॅडॅप्टर लावला आणि माझी तीच ८५ त्यावर चढवली. अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसल्याने उजेड कमी होत नाही. चढाईपटू समोरून येत असताना कॅमेरा तिचा डोळा धरून ठेवतो. पूर्वी एका चढाईच्या बारा फोटोंतून दोन-तीन कामाचे निघत, आता सात-आठ निघतात. तेव्हा मी म्हणेन की लेन्स एकच घ्या, पण बॉडी नवी घ्या.

सत्तर-दोनशे

दोघांचेही वाचले, आणि दोघेही आपापल्या प्राइमच्या प्रेमात पडलेले दिसता. मी वर्तमानपत्रांसाठी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचे फोटो बरीच वर्षे काढले. तिथे ८५ घेऊन बसणारा माणूस दुसऱ्या गोलपोस्टजवळचा गोल फक्त डोळ्यांनीच पाहतो. कबड्डीचे मैदान लहान असले तरी तत्त्व तेच आहे. तुम्ही एका जागी बसलेले असता, चढाई तीस सेकंदांची असते आणि त्या तीस सेकंदांत लेन्स बदलता येत नाही.

कॅननची पहिली ईएफ ७०-२०० एफ/२.८ झूम लेन्स, म्हणजे १९९५ ची, स्टॅबिलायझर नसलेली, आज ४२ हजारांच्या आसपास मिळते. स्टॅबिलायझर नाही म्हणून लोक ती सोडतात आणि तिथेच फसतात, कारण स्टॅबिलायझर तुमचा हात स्थिर करतो, खेळाडूचा नाही. १/८०० ला त्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. ७डी मार्क टूबरोबर हिशेब ७८ हजारांवर येतो. वजन १.३ किलो आहे, पण तेवढे मनगट तुमच्याकडे असेलच.

लाल मातीकर

काका, फुटबॉलचे तुमचे म्हणणे मान्य आहे, पण माझ्यापुढे १३ बाय १० मीटरचे मैदान आहे आणि मुलींचे तर १२ बाय ८ चेच. मी अंतिम रेषेमागे कोपऱ्यात, रेषापंचाच्या बाजूला, मांडी घालून बसतो. तिथून निदान रेषा (चढाईपटूला ओलांडावी लागणारी रेषा) पाच-सहा मीटरवर असते. चढाईपटू कोपऱ्यात शिरली की ती माझ्यापासून तीन मीटरवर येते, आणि तिथे ७०-२०० सर्वांत रुंद ठेवली तरी ७डीच्या क्रॉपवर (लहान सेन्सरवर) जेमतेम एक मीटर रुंदीचे दृश्य मिळते. खांदा आणि अर्धी वेणी मिळते, पकड कापली जाते. पन्नासची लेन्स तिथेच दीड मीटरहून थोडे कमी दाखवते, तेवढ्यात निदान चढाईपटू आणि तिचा घोटा धरणारी दोघी मावतात.

दुसरे म्हणजे एफ/२.८ वर आयएसओ पुन्हा ६४०० होतो. २०१४ च्या सेन्सरला ६४०० जमते, पण गालांवरचा घाम आणि मॅटचा निळा रंग एकमेकांत मिसळू लागतो.

ताई, तुमचा फोकसचा मुद्दा मात्र मला झोपू देणार नाही. पण ७डी मार्क टूमध्ये प्रत्येक लेन्ससाठी फोकस सूक्ष्म जुळवणीची सोय आहे. एकदा तासभर खर्च करून लेन्स जुळवून घेतली तर तुमची अर्धी तक्रार निकालात निघत नाही का?

नदीकाठ

अर्धी निघते. ज्या अंतरावर जुळवणी केली त्या अंतरावर ती बरोबर असते, तीन मीटरवर आणि दहा मीटरवर ती तशीच राहील याची खात्री नसते.

आणखी एक सांगते. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसते, याचे महत्त्व वापरल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे मैदानाच्या एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोनच फ्लड असतात. चढाईपटू अंधाऱ्या बाजूला गेली की मला ते त्याच क्षणी दिसते, आणि तुम्हाला ते घरी जाऊन दिसेल.

वायरमन

मी हौशी फोटोग्राफर आहे आणि व्यवसायाने इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून मांडवातल्या दिव्यांबद्दल थोडे बोलतो, कारण या वादात तेच मागे पडले आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे मेटल हॅलाइडचे आणि स्वस्त एलईडीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा तेज-मंद होतात. एक आवर्तन दहा मिलिसेकंदांचे असते आणि १/८०० चे शटर त्यातला सव्वा मिलिसेकंदच पकडते. म्हणून सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, दुसरा काळपट आणि तिसरा पिवळट येतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो.

७डी मार्क टूमध्ये यावर उपाय म्हणून दिव्याच्या तेजाच्या क्षणी शटर उघडण्याची सोय आहे. कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यांत ती प्रथम त्यातच आली. आर१० मध्येही ती आहे, पण यांत्रिक शटर वापरले तरच. आर१० चे इलेक्ट्रॉनिक शटर सेकंदाला २३ फोटो काढते म्हणून कुणी मोहात पडू नये, कारण ते सेन्सर ओळीओळीने वाचते आणि असल्या दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटवते. यांत्रिक शटरचे १५ फोटो कबड्डीला पुरून उरतात. ७डीचे १० सुद्धा.

मैदानावरचा

मुंबईत क्रॉस मैदानावर आणि आझाद मैदानावर क्रिकेटचे फोटो काढतो, त्यामुळे हा वाद मला जरा परका आहे, पण धागा वाचून कुणी क्रिकेटसाठी ८५ घेऊ नये म्हणून लिहितो. सीमारेषेवरून साठ मीटरवरचा फलंदाज २०० मिलिमीटरला जवळपास पावणेसात मीटर रुंद दृश्यात उभा दिसतो, म्हणजे फलंदाज कमी आणि गवत जास्त. दिवसा उजेड फुकट मिळतो. त्यामुळे आरएफ १००-४०० सारखी ६३५ ग्रॅमची, ४०० ला एफ/८ होणारी लेन्सही उन्हात १/१६०० ला आयएसओ ४०० वर चालते. पावसाळ्यात कांगा लीगचे सामने काढताना तीच लेन्स १६०० ते ३२०० मागते, तरी फोटो छापण्याजोगे येतात. रात्रीची कबड्डी हा पूर्ण वेगळा खेळ आहे, तिथे ही लेन्स पिशवीतच राहू द्यावी.

सत्तर-दोनशे

बरे, मुलींच्या मैदानापुरते मी एक पाऊल मागे घेतो. पण ५० आणि ८५ दोन्ही हाताळायच्या असतील तर मध्यंतरातच लेन्स बदला. धुळीच्या मैदानावर चढाई चालू असताना लेन्स उघडणाऱ्या माणसाचा सेन्सर हंगामाअखेर कसा दिसतो ते मी पाहिले आहे.

आणि जुनी लेन्स घेताना खबरदारी घ्या. कोकणातली लेन्स म्हणजे फंगसचे (बुरशीचे) माहेर आहे. मी स्वतः एका दुकानातून ‘एकदम क्लीन’ म्हणून घेतलेली १३५ घरी आणून टॉर्च लावून पाहिली तेव्हा मागच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. दुकानात लेन्स दिव्यासमोर धरून दाखवतात, त्यात काहीच दिसत नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा, मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून पाहा. बॉडीचे शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंची संख्या) विचाराच. ७डी मार्क टूचे शटर दोन लाख फोटोंचे मानले जाते.

लाल मातीकर

परवा रात्री करून पाहिले, म्हणून लिहितो. पनवेलचा एक मित्र त्याचा आर१० आणि ८५ घेऊन आला होता, आणि ७डी मार्क टू मी विक्रेत्याकडून एका दिवसासाठी अनामत ठेवून आणला. सरावाच्या वेळी मुलींना तासभर चढाया करायला लावल्या. लेन्स एकच होती, ती दोन्ही बॉड्यांवर आलटून-पालटून लावली.

चढाईपटू समोरून एकटी येत असेल तर ताईंचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले. आर१० वर डोळा इतका स्वच्छ येतो की पापणीला चिकटलेला मातीचा कण मोजता यावा. ७डीवर पहिल्या अर्ध्या तासात फोकस सतत मागे पडत होता. जुळवणी +६ वर नेल्यावर तो बराच सुधारला, तरी आर१० इतका झाला नाही.

पण साखळीची पकड झाली, सात जणी एकमेकींवर कोसळल्या, तेव्हा चित्र उलटले. आर१० ने चढाईपटूला सोडून सर्वांत जवळच्या चेहऱ्यावर, म्हणजे उड्या मारणाऱ्या आमच्या राखीव खेळाडूवर, झेप घेतली आणि दोन वेळा तर सरपंचाच्या (सामन्याच्या मुख्य पंचाच्या) शिट्टीवर. ७डीवर मी एकच बिंदू मध्यरेषेकडे सरकणाऱ्या पंजावर धरला होता, आणि तो पंजा मिळाला. त्या एका फोटोत बोटे पाचच आहेत. मला हवा असलेला फोटो बहुतेक वेळा याच गर्दीत असतो, म्हणून माझा कल अजून ७डीकडेच आहे.

आणखी एक अडचण दिसली. एफ/१.८ वर पांढऱ्या जर्सीच्या कडेला जांभळी रेघ येते. एफ/२.२ केल्यावर ती कमी झाली, पण आयएसओ ३८०० च्या आसपास गेला.

नदीकाठ

दादा, आर१० चा फोकस पूर्ण फ्रेमवर मोकळा सोडला की तो शिट्टीच्या मागे धावणारच. फोकसचे क्षेत्र लहान चौकटीत बांधा, डोळा ओळखणे चालू ठेवा आणि ती चौकट मध्यरेषेवर ठेवा, मग बाहेरचा चेहरा तो विचारात घेत नाही. नाहीतर ओळखणे पूर्ण बंद करून तुमच्या ७डीसारखा एकच बिंदू तिथेही मिळतोच. तुम्ही माझ्या कॅमेऱ्याला त्याच्या सर्वांत वाईट सवयीवर तपासले आहे.

लाल मातीकर

हे मला सुचले नाही, मान्य. मित्र शनिवारी पुन्हा येणार आहे आणि विक्रेत्याने सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. चौकट बांधून पुन्हा साखळीच्याच चढाया काढतो. तोवर ८५ कुणाकडे विकायची असेल, टॉर्चच्या परीक्षेत पास होणारी, तर कळवावे.