काजळ बंद करून पाच आठवडे झाले, तरी वरच्या पापण्यांची खाज जात नाही. आणखी काय बंद करून बघावं?

कृष्णाकाठ_सांगली

बहिणीसाठी विचारतोय. वय ३४, राहायला सांगलीतच. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या तीन महिने लाल, कोरड्या आणि बारीक पापुद्रे सुटलेल्या आहेत. खाज रात्री वाढते. मधेच दोन-चार दिवस एवढी सूज येते की सकाळी डोळा अर्धाच उघडतो, मग ती आपोआप उतरते. डोळा आतून लाल नाही, चिपडं येत नाहीत, नजरेला त्रास नाही.

काजळ, आयलायनर पूर्ण बंद आहे. सध्या वापरात असलेलं सगळं सांगतो: आठवड्यातून तीनदा शाम्पू, महिन्यातून एकदा काळा हेअर डाय (लावून दोन दिवस काहीच होत नाही, म्हणून त्यावर संशय नाही), नेलपेंट, टिकली, झोपताना कपाळाला बाम. पापण्यांवर गुलाबपाणी आणि एरंडेल लावून झालं. घरात एक जुनी मलमाची ट्यूब होती, त्यावर निओमायसिन लिहिलंय, तीही अधूनमधून लावते. कुणी सांगितलं म्हणून बेबी शाम्पूने पापण्या धुणं चालू केलंय.

कोणत्या क्रमाने काय बंद करावं? सगळंच बंद केलं तर नेमकं कशानं होतंय हे कळणार कसं?

त्वचारोग_मिरज

दादा, कंसात जे लिहिलंय तेच आधी धरतो. "लावून दोन दिवस काहीच होत नाही" हे डाय सुटण्याचं कारण नाही, उलट पकडण्याचं आहे. स्पर्शातून होणारी ॲलर्जी उशिरा उठते, साधारण २४ ते ७२ तासांनी. रविवारी डाय लावला तर सूज मंगळवारी किंवा बुधवारी दिसेल, आणि आपण संशय घेणार मंगळवारी लावलेल्या वस्तूवर. म्हणून सूज ज्या दिवशी आली तो दिवस कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून मागचे तीन दिवस काय काय वापरलं ते लिहून काढा. डायच्या तारखाही त्याच पानावर हव्यात. दोन-तीन वेळा जुळलं की चित्र उघडं पडतं.

दुसरी गोष्ट, पापणीला त्रास देणारी वस्तू पापणीलाच लावलेली असते असं नाही. अंगावरची सगळ्यांत पातळ कातडी पापणीची, अर्धा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. डोक्याची आणि तळहाताची कातडी जाड. त्यामुळे डाय डोक्याला लागतो, नेलपेंट नखाला लागतं, तिथे काही दिसत नाही आणि पुरळ मात्र पापणीवर उठतं. दिवसभरात आपण नकळत किती वेळा डोळ्याला बोट लावतो ते एकदा मोजून बघा. जेल नेलपॉलिश असेल तर त्यातली ॲक्रिलेट नावाची रसायनं आणखी तापदायक, विशेषतः जेल वाळवायच्या दिव्याखाली ते पुरतं वाळलेलं नसेल तेव्हा.

आता क्रम. एकेक वस्तू बंद करत बसू नका, त्यात महिने जातात. सगळं एकदम बंद, किमान चार आठवडे. डाय, नेलपेंट, बाम, गुलाबपाणी, एरंडेल, सुगंधी तेल, अत्तर, चेहऱ्याची सगळी क्रीम, ओले वाइप्स आणि ती मलमाची ट्यूब. टिकलीवर माझा संशय कमी आहे. टिकलीच्या गोंदाची ॲलर्जी असेल तर कपाळावर टिकलीच्याच आकाराचा चट्टा येतो, पुढे तिथे पांढरा डागही पडतो. कपाळ स्वच्छ असेल तर टिकली राहू दे. कोरडं कुंकू मात्र खाली पापणीवर झडतं, ते चार आठवडे नको.

केस धुताना डोकं पुढे वाकवू नका, मागे झुकवा, म्हणजे फेस मानेवरून जाईल, पापण्यांवरून नाही. शेवटी चेहरा नुसत्या पाण्याने. उशीचा अभ्रा साध्या, बिनवासाच्या पावडरने धुऊन दोनदा खळबळून घ्या आणि दर दोन दिवसांनी बदला. डाय आणि तेल अभ्र्यात मुरतं आणि रात्रभर पापणीला लागत राहतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर कातडीवर राहतो, म्हणून पापण्यांना साबण नकोच.

खाज-सुजेसाठी पाणी उकळून पूर्ण गार करा, स्वच्छ मऊ सुती फडकं भिजवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा. पुसायचं नाही, टिपायचं. कातडी किंचित ओलसर असतानाच साधी पांढरी पेट्रोलियम जेली लावा, एका पापणीला ज्वारीच्या दाण्याएवढी पुरे. ट्यूबमधली घ्या, डबीत बोटं घालू नका. "बेबी" लिहिलेल्या जेलीत बऱ्याचदा वास घातलेला असतो, ती नको.

बेबी शाम्पूचं सांगतो, कारण हा सल्ला फार फिरतो. तो पापणीच्या कडेच्या आजारासाठी आहे. त्यात पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा किंवा खपल्या असतात, सकाळी डोळे चिकटतात, वरचेवर रांजणवाडी येते. तिथे गरम शेक द्यायचा, ५ ते १० मिनिटं, फडकं दोन मिनिटांत निवतं म्हणून पुन्हापुन्हा बुडवून, आणि मग कडा केसांच्या दिशेने हलक्या दाबायच्या. तुम्ही सांगताय ते तसं वाटत नाही. तुमच्या बहिणीच्या पापणीचा सपाट भाग बिघडलाय, आणि गरम शेकाने तिथे खाज वाढेल. बेबी शाम्पूत बहुधा कोकामिडोप्रोपिल बीटेन हे फेस आणणारं रसायन आणि सुगंध असतो, दोन्हींची ॲलर्जी येऊ शकते. आजच थांबवा.

डोळा दुखायला लागला, आतून लाल झाला, उजेड सहन होईना, धुरकट दिसायला लागलं, पापणी गरम टणक होऊन ताप आला, किंवा कपाळाच्या एकाच बाजूला पाण्याचे फोड उठले, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

मेडिकल_कराड

त्या जुन्या ट्यूबबद्दल लिहितो. निओमायसिन हे जंतू मारणारं औषध, पण ते स्वतःच ॲलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या औषधांपैकी आहे. मलम लावलं, खाज वाढली, म्हणून आणखी लावलं, असं चक्र त्यातून सुरू होतं. त्याहून वाईट म्हणजे गजकर्णासाठी मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली क्रीम. त्यांत क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. पापणीवर ते लावलं की दोन दिवसांत छान वाटतं, थांबवलं की दुप्पट उसळतं. लांबलं तर कातडी पातळ होते आणि डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. पापणीसाठी डॉक्टर बहुधा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन लिहितात, तेही मोजके दिवस, किंवा ०.०३ टक्के टॅक्रोलिमस मलम. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस चुणचुणतं. त्याला ॲलर्जी समजून बऱ्याच जणी ते सोडून देतात, तसं करू नका, आधी लिहून देणाऱ्याला विचारा. चिठ्ठीशिवाय यातलं काहीही पापणीवर नको.

आता लेबल. पुढच्या बाजूचे मोठे शब्द वाचू नका. "हायपोअलर्जेनिक"ला कायद्यात ठरलेली कसोटी नाही. "अनसेंटेड" म्हणजे वास येत नाही एवढंच, मूळचा वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. "फ्रॅग्रन्स फ्री" त्यापेक्षा बरं, पण तरी मागची बारीक यादी वाचाच. तिथे परफ्युम, पार्फम, लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल दिसलं की बाटली परत ठेवा. शाम्पू आणि वाइप्समध्ये मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक (वस्तू टिकवायला घालतात ते रसायन) शोधा, नाव लांबलचक आहे, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा. युरोपात लावून ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत ते २०१७ पासून चालत नाही. डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडॅझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५ हे हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात, तेही टाळा.

पॅराबेन या परिरक्षकाची भीती मात्र उगाच पसरलीय. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली पॅराबेनला "ॲलर्जी न आणणारा" म्हणून वर्षाचा मान दिला. "पॅराबेन फ्री" बाटलीत त्याच्या जागी कोणतं परिरक्षक घातलंय ते बघा, बऱ्याचदा ते जास्त त्रासाचं असतं.

"हर्बल" शब्दालाही भुलू नका. टी ट्री तेल, प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक), गुलाबाचं, लव्हेंडरचं तेल ही सगळी ॲलर्जी देतात. आणि डायच्या बाबतीत, "अमोनियारहित" म्हणजे पीपीडीरहित नव्हे. पीपीडी म्हणजे डायला काळा रंग देणारं रसायन, ॲलर्जी बहुधा त्याची असते. काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यातही पीपीडी असतं. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो आणि चढायला वेळ लागतो. तासाभरात काळाभोर रंग आला की समजायचं, आत काहीतरी आहे.

हळदवाली_वाळवे

घरची कुणी शेतावर किंवा हळदीच्या कामावर जातं का, हे कुणी विचारलंच नाही. आपल्या भागात ते आधी विचारायला हवं. बांधावरचं गाजरगवत, कुणी चटकचांदणी म्हणतं, त्याची ॲलर्जी हवेतूनही लागते. हात न लावता. वाळलेल्या गवताचा भुगासुद्धा पुरतो. ओळखायची खूण अशी: पापण्यांसोबत मानेचा पुढचा भाग, कानामागे, हनुवटीखाली आणि कोपराच्या घडीतही खाज असते. उन्हाची ॲलर्जी असेल तर हनुवटीखालचा, कानामागचा आणि वरच्या पापणीचा भाग बहुधा सुटतो, कारण तिथे सावली असते. शेवंतीही त्याच कुळातली, हार-गजरे हाताळताना लक्ष ठेवा.

बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी किंवा हळद पॉलिश करतानाची धूळ ही वेगळी गोष्ट. ती तिथल्या तिथे झोंबते आणि शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांनाच झोंबते. दोन दिवसांनी एकटीलाच त्रास होत असेल तर ती ॲलर्जीची चाल.

शेतावरून कुणीही आलं की कपडे पडवीतच बदलायचे आणि ते घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. गाजरगवत फुलाआधी उपटायचं, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून, आणि ज्याला त्रास आहे त्याने नाही.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी शेती नाही. मान, कोपर स्वच्छ आहेत. डायच्या तारखा बहिणीला विचारल्या, तिला शेवटच्या दोन आठवतात, आणि दोन्ही वेळा सूज तिसऱ्या दिवशी. चार आठवडे सगळं बंद ठेवतो. पण नंतर वस्तू परत चालू कशा करायच्या? डाय कोपरावर लावून बघायचा का?

त्वचारोग_मिरज

डाय अजिबात लावून बघू नका, थेंबभरही. तारखा एवढ्या जुळत असताना पीपीडीची परीक्षा घरी घ्यायची नसते, मोठे फोड येऊ शकतात. डाय आता कायमचा बाहेर समजा. दुसऱ्या कंपनीचाही नको, त्यात पीपीडीऐवजी पीटीडी हे त्याच्याच जातीचं रसायन असलं तरी अंग बहुतेक वेळा दोन्हींना तसंच उठतं.

बाकी वस्तू पापण्या पूर्ण साफ होऊन आठवडा झाल्यावर, एका वेळी एक. दोन वस्तूंमध्ये दहा दिवस तरी. लावून ठेवायच्या वस्तू, म्हणजे क्रीम किंवा तेल, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत, दिवसातून दोनदा, १० ते १४ दिवस लावून बघा. तिथे पुरळ आलं तर ती वस्तू गेली. पण कोपर साफ राहिला म्हणून पापणीची शंभर टक्के खात्री नाही, ती कातडी वेगळी. शाम्पू, साबण असे कोपरावर लावून ठेवायचे नाहीत, ते कुणालाही झोंबतील. ते धुऊनच वापरून बघा.

चार आठवड्यांत निम्मासुद्धा फरक नसेल, किंवा डाय सोडूनही सूज येत राहिली, तर पॅच टेस्ट करून घ्या. मिरज-सांगलीत जाण्याआधी फोन करून "पॅच टेस्ट होते का, इंडियन स्टँडर्ड सिरीज आहे का" एवढं विचारा. सिरीज म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या वस्तूंचा ठरलेला संच. रक्तातली आयजीई तपासणी किंवा हातावर टोचून केलेली परीक्षा याला चालत नाही, त्या वेगळ्या ॲलर्जीच्या आहेत, पैसे वाया जातात.

टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी. हे दुसरं बघणं चुकवू नका. निओमायसिनसारख्या वस्तू तर सातव्या दिवशीही उठतात, म्हणून त्यांनी बोलावलं तर जा. सोमवारी लावलं तर आठवड्यात बसतं. तेवढे दिवस पाठ कोरडी, अंगावरून अंघोळ नाही, वाकून धुणं-भांडी नाहीत. एप्रिल-मेमध्ये घामाने पट्ट्या सुटतात आणि निकाल फसतो, दिवाळीनंतरचे दिवस धरा. पाठीला आठवडाभर आधीपासून स्टेरॉइड मलम नको. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. खाजेच्या साध्या गोळ्या चालतात.

जाताना घरातल्या सगळ्या वस्तू मूळ डब्यासकट पिशवीत घालून न्या. बहिणीच्या तर न्याच, आणि तिच्या शेजारी झोपणाऱ्याचं तेल आणि आफ्टरशेव्हसुद्धा. कधीकधी नाव त्या पिशवीतल्या भलत्याच बाटलीचं निघतं.