बारापैकी सातवा शब्द पुसला गेला आहे, मदत हवी आहे

माझे बिटकॉइन वॉलेट पुन्हा उघडून देणारे 12 शब्द मी शाईपेनाने कागदावर लिहून ठेवले होते. कपाटात ओल येऊन सातव्या शब्दाच्या जागी आता फक्त निळा डाग उरला आहे, बाकीचे 11 शब्द मात्र क्रमासह स्वच्छ वाचता येतात. ज्या फोनवर वॉलेट होते, तो बंद पडला आहे. या शब्दांखेरीज वेगळा पासफ्रेज (जादा गुप्त शब्द) ठेवलेला नव्हता.

असे शब्द ज्यातून निवडले जातात त्या बिप-39 या प्रमाणित यादीत 2048 शब्द असून चेकसममुळे (शब्दांचा संच बरोबर आहे का ते तपासणाऱ्या भागामुळे) त्यांपैकी साधारण 128 च जुळतील, एवढे मला समजले आहे. अंदाजाने वीसेक शब्द हाताने घालून पाहिले, पण उपयोग झाला नाही. ‘बीसी1क्यू’ने सुरू होणारा माझा एक जुना पत्ता जवळ आहे, त्यामुळे पडताळणी करता येईल. इंटरनेट कायमचे तोडलेला जुना लिनक्स लॅपटॉपही आहे. कोणत्याही संकेतस्थळावर शब्द टाकणार नाही आणि खाजगी संदेशातून ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये.

बीटीसीरिकव्हर (हरवलेला शब्द शोधून देणारा प्रोग्राम) या लॅपटॉपवर ऑफलाइन चालवताना हा पत्ता आणि डेरिव्हेशन पाथ (शब्दांपासून पत्ते कोणत्या मार्गाने काढायचे ते) नेमका कसा द्यावा, आणि वॉलेट उघडल्यावर तेच शब्द पुन्हा नीट लिहून ठेवणे पुरेसे आहे की रक्कम नव्या शब्दांच्या वॉलेटमध्ये हलवावी?