सल्ला हवा: संत्रा ग्रेडिंगच्या लोडसेलला बटरवर्थ, बेसेल की चेबिशेव्ह फिल्टर?

काटोल_रोड:
संत्रा ग्रेडिंग लाइनसाठी वजनाचं युनिट बनवून राहिलो आहे. १ किलोचा लोडसेल (वजनाचा विजेचा सिग्नल करणारा सेन्सर), त्याला इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर, पुढे ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर, सेकंदाला ५०० सॅम्पल. सेकंदाला ३ संत्री कपातून जातात, म्हणजे एका फळाला ३३३ मिलिसेकंद. त्यातले कामाचे जेमतेम २०० धरा. ऑसिलोस्कोपवर ५० हर्ट्झचा हम (मेन्सच्या विजेचा नॉइज) स्पष्ट दिसतो आणि कन्व्हेयरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू केला की त्यावर बारीक काटे येतात. १० हर्ट्झचा लो पास फिल्टर (त्याखालचं जाऊ देतो, वरचं दाबतो) लावायचा इथपर्यंत ठरलं आहे. पण बटरवर्थ, बेसेल, चेबिशेव्ह यांची सर्किटं पाहिली तर सगळी एकसारखीच, मग फरक नेमका कुठे? पार्ट बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मिळतील असेच सांगा.

सदर_बेंच:
सर्किटं सारखी दिसतात कारण ती खरंच सारखी आहेत. सॅलन-की हे ओपअँप (अँप्लिफायरची आयसी), रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जोडणीचं नाव. बटरवर्थ, बेसेल, चेबिशेव्ह ही फ्रिक्वेन्सीनुसार गेन कसा बदलतो त्या वक्राची नावं. त्याच बोर्डवर कपॅसिटरचं गुणोत्तर बदललं की वक्र बदलतो. दोन्ही रेझिस्टर सारखे आणि गेन १ असेल, तर आउटपुटकडून येणारा कपॅसिटर सी१ आणि ग्राउंडला जाणारा सी२ यांचं गुणोत्तर बेसेलला १.३३, बटरवर्थला २, १ डीबी रिपलच्या चेबिशेव्हला सुमारे ३.७. दुसऱ्या ऑर्डरपुरता (ऑर्डर जितकी वरची तितका उतार तीव्र) सगळा फरक एवढाच.

आता यातलं काय निवडायचं ते सिग्नलकडून काय हवं यावर ठरतं. बटरवर्थचा पासबँड (फिल्टर जो भाग जाऊ देतो तो) सर्वांत सपाट, म्हणून जो तो डोळे मिटून तोच लावतो. चेबिशेव्ह उतार तीव्र करतो आणि त्याची किंमत रिपलमध्ये घेतो. १ डीबी म्हणजे गेनमध्ये सुमारे १२ टक्के चढउतार. ट्रान्समीटरचे हार्मोनिक कापायला तो उत्तम. एलिप्टिक त्याहून तीव्र, पण त्याला जास्त पार्ट लागतात आणि ते अचूक लागतात. तुमच्या कामात तो विसरा.

तुमचा सिग्नल पायरीचा आहे. संत्रं पडलं, वजन ० वरून १२० ग्रॅमवर गेलं. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ या पायरीवर सुमारे ११ टक्के वर उडी मारतो, म्हणजे १३ ग्रॅम. मग ३ टक्के खाली जातो, आणि १ टक्क्याच्या आत बसायला त्याला दीडशे मिलिसेकंद लागतात. तोवर कप पुढे सरकायला आला. बेसेलची उडी १ टक्क्याच्या आत. तो सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखाच उशीर करतो, म्हणून पायरीचा आकार मोडत नाही. १० हर्ट्झच्या चौथ्या ऑर्डरला हा उशीर सुमारे ३४ मिलिसेकंद.

याची किंमत हममध्ये द्यावी लागते. ५० हर्ट्झवर चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ ५६ डीबी दाबतो, बेसेल ४२. पण ४२ डीबी म्हणजे हम सव्वाशे पटींनी कमी. माझं मत स्पष्ट आहे: वजनाला बेसेलच.

धंतोली_आरसी:
एवढं करण्यापेक्षा थेट ५० हर्ट्झचा नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावला तर? त्याचं ट्विन-टी सर्किट सोपं आहे. किंवा साधे दोन आरसी (एक रेझिस्टर, एक कपॅसिटर) एकामागे एक.

सदर_बेंच:
नॉच इथे नको. साध्या ट्विन-टीचा क्यू (तीक्ष्णतेचा आकडा) ०.२५ असतो, त्यामुळे १२ हर्ट्झलाच तो ३ डीबी खाली आलेला असतो. फीडबॅक देऊन अरुंद केला की पायरीवर रिंग होतो, म्हणजे डोलत राहतो. रेक्टिफायरचा १०० हर्ट्झचा रिपल आणि व्हीएफडीचे काटे त्याला दिसतही नाहीत. हृदयाच्या ईसीजीसारखं ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना उपयोगी सिग्नल असेल तिथे नॉचला अर्थ आहे. तुमचं वजन ५० च्या बरंच खाली आहे.

दोन आरसींचं म्हणाल, तर १० हर्ट्झचे दोन सारखे आरसी मध्ये बफर न ठेवता जोडले की दुसरा पहिल्यावर लोड टाकतो आणि कटऑफ (३ डीबी खाली येण्याची फ्रिक्वेन्सी) ३.७ हर्ट्झवर येतो. बफर ठेवला तरी ६.४. तिथे वजन वेळेत बसणारच नाही.

ओपअँप_वर्धारोड:
चौथ्या ऑर्डरच्या बेसेलचे पार्टचे आकडे मांडून देतो. चौथी ऑर्डर म्हणजे दुसऱ्या ऑर्डरच्या दोन स्टेज एकामागे एक. बेसेलमध्ये प्रत्येक स्टेजची फ्रिक्वेन्सी कटऑफपेक्षा वर असते. इथेच बहुतेक जण चुकतात, दोन्ही स्टेज १० हर्ट्झच्या काढतात आणि फिल्टर ढिला पडतो.

पहिली स्टेज १४.२ हर्ट्झ, क्यू ०.५२: दोन्ही रेझिस्टर १०७ के (१०० के आणि ६.८ के सिरीजमध्ये चालेल), सी१ ११० नॅनो (नॅनोफॅरड) म्हणजे १०० आणि १० पॅरलल, सी२ १०० नॅनो.
दुसरी स्टेज १५.९ हर्ट्झ, क्यू ०.८१: दोन्ही रेझिस्टर ६२ के, सी१ २५९ नॅनो म्हणजे २२० आणि ३९ पॅरलल, सी२ १०० नॅनो.

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म. दुसऱ्या स्टेजमध्ये सी१ आणि सी२ची अदलाबदल झाली तर क्यू ०.३१ वर येतो. उडी दिसत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं, पण प्रत्येक फळ थोडं हलकं मोजलं जातं. वजन सातत्याने कमी येत असेल तर आधी इथे पाहा.

ओपअँप म्हणून एलएम३५८ घेऊ नका. त्याचा बायस करंट (इनपुट पिनचा प्रवाह) टिपिकल ४५ नॅनोअँपिअर, तो २१४ के (पहिल्या स्टेजचे दोन १०७ के) मधून गेला की जवळपास १० मिलिव्होल्टचा ऑफसेट, आणि तो तापमानासोबत सरकतो. शिवाय ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या वर जात नाही. एमसीपी६००२ घ्या: एकाच ८ पिनी आयसीत दोन ओपअँप, बायस पिकोअँपिअरमध्ये, आउटपुट दोन्ही रेलपर्यंत. आयसीच्या पिनांना चिकटून १०० नॅनोचा बायपास कपॅसिटर (सप्लाय आणि ग्राउंडमध्ये) द्या.

काटोल_रोड:
उत्तम. कपॅसिटर सिरॅमिक १०४ (म्हणजे १०० नॅनो) चालतील ना? ते ढीगभर पडले आहेत.

ओपअँप_वर्धारोड:
बायपासला चालतील, फिल्टरला नाही भाऊ. स्वस्त १०४ सिरॅमिक बहुधा वाय५व्ही जातीचे असतात. त्यांची कपॅसिटन्स तापमानाने ८० टक्क्यांपर्यंतही घसरू शकते. मे महिन्यात नागपूरच्या टिनाच्या शेडमध्ये कटऑफ कुठल्या कुठे जाईल. बर्डीत "पॉलिस्टर बॉक्स, जे" असं मागा. अंगावर १०४जे लिहिलेलं हवं, जे म्हणजे ५ टक्के. के असेल तर १० टक्के. पाचसहा जास्त घ्या आणि मीटरवर मोजून जोड्या लावा. गुणोत्तर जुळणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

व्हीएफडीच्या काट्यांचं वेगळं. त्याचं स्विचिंग काही किलोहर्ट्झवर असतं. तिथून वर गेलं की सॅलन-कीमधला ओपअँप आउटपुट घट्ट धरू शकत नाही आणि नॉइज सी१ मधून थेट पुढे गळतो. म्हणून फिल्टरच्या आधी एक आणि एडीसीच्या (मायक्रोकंट्रोलरचा सिग्नल मोजणारा भाग) पिनला एक असे १ के आणि १०० नॅनोचे आरसी टाका, कटऑफ १.६ किलोहर्ट्झ. लोडसेलची केबल शील्डवाली घ्या आणि मोटरच्या वायरपासून लांब ठेवा.

धंतोली_आरसी:
एचएक्स७११ (लोडसेलची तयार एडीसी आयसी) लावून हे सगळं टाळता येत नाही का?

सदर_बेंच:
वजनकाट्यावर ठेवून मोजायचं असेल तर नक्कीच. सेकंदाला १० सॅम्पलच्या वेगावर तो ५० हर्ट्झ स्वतःच दाबतो. पण त्या वेगावर सेटल व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात आणि इथे फळाला ३३३ आहेत. ८० च्या वेगावर ५० मिलिसेकंदांत बसतो, पण हम दाबण्याची ती हमी उरत नाही.

काटोल_रोड, तुमच्याकडे ५०० सॅम्पल आहेत, त्याचा फायदा घ्या. ओळीने १० सॅम्पलची सरासरी म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद, ५० हर्ट्झचं एक पूर्ण चक्र. ५०, १००, १५० सगळे शून्यावर. ग्रिड ४९.९ वर असला तरी या सरासरीतून ५० डीबीच्या वर मिळतं, बेसेलचे ४२ वेगळे. फळ पडल्यावर १२० मिलिसेकंद थांबा आणि पुढच्या १० सॅम्पलची सरासरी घ्या. सरासरी आहे म्हणून अॅनालॉग फिल्टर काढू नका. ५५० हर्ट्झचा नॉइज ५०० च्या सॅम्पलिंगवर ५० होऊन बसतो, तो सरासरीत मरतो, पण ५०२ चा २ हर्ट्झ होतो आणि वजनातच मिसळतो. मग तो कोणत्याही कोडने निघत नाही.

काटोल_रोड:
जोडल्यावर तपासायचं कसं? वजन टाकून पाहिलं तर ट्रेस दर वेळी वेगळा येतो.

सदर_बेंच:
टाकू नका, सोडा. १०० ग्रॅमचं प्रमाण वजन कपाखाली शिवणाच्या दोऱ्याने लटकवा, झुलणं थांबू द्या आणि दोरा ब्लेडने कापा. पायरी खालच्या दिशेने येते, पण स्वच्छ येते. स्कोपचं एक चॅनल फिल्टरच्या आधी, दुसरं नंतर लावा. आधीच्या चॅनलवरच ट्रेस डोलत असेल तर दोष कपाच्या हाताचा आहे, फिल्टरचा नाही. हात आखूड किंवा जाड करा, कप हलका करा, डोलण्याची फ्रिक्वेन्सी वर जाईल आणि फिल्टर ती कापेल. आधी स्वच्छ आणि नंतर उडी, तर दुसऱ्या स्टेजचा सी१ मोजा. २५९ ऐवजी तिथे बहुधा बराच मोठा आकडा सापडेल.