अनुभव धागा: प्रौढ वयात दात सरळ करताना तारा की अलायनर?

नमस्कार. माझे वय ४१ आहे. माझे खालचे पुढचे चार दात गेल्या सात-आठ वर्षांत हळूहळू एकमेकांवर चढले आहेत आणि वरचा डावा सुळा लहानपणापासूनच रांगेबाहेर, थोडा वळलेला आहे. दिसण्याची खंत मला फारशी कधी वाटली नाही; परंतु चढलेल्या दातांच्या सांदीत ब्रश पोहोचत नाही, तिथे कीट साचते आणि हिरडीतून रक्त येते, म्हणून हे काम आता हाती घ्यायचे ठरवले आहे. दोन तज्ज्ञांना दात दाखवले. एकांनी पक्क्या तारा सुचवल्या, दुसऱ्यांनी पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे. दोघांनीही आपले म्हणणे नीट समजावून सांगितले आणि मला दोघांचेही पटले, हीच माझी अडचण आहे.

ज्यांनी प्रौढपणी यांपैकी कोणताही उपचार घेतला असेल त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. मूळ दोष काय होता, सुरुवातीला काय सांगितले गेले, प्रत्यक्षात किती काळ लागला आणि उपचार संपून काही वर्षे झाली असतील तर दात आज कसे आहेत, हे कळले तर फार उपयोग होईल. उपचार अर्धवट सोडावा लागला असेल किंवा मध्येच बदलावा लागला असेल, तर तेही अवश्य लिहावे.

शिक्षिका, वय ३६

माझी दाटी मध्यम स्वरूपाची होती, दाढा एकमेकींवर व्यवस्थित बसत होत्या, म्हणून मला अलायनर चालतील असे सांगितले गेले. तोंडाचे स्कॅनिंग करून संगणकावर दातांचा संपूर्ण प्रवास आधीच दाखवतात आणि तो पाहून मन हरखते; पण ते चित्र म्हणजे योजना असते, हमी नव्हे, हे मला नंतर उमगले. पहिल्या टप्प्यात २६ अलायनर होते आणि प्रत्येक दहा दिवस वापरायचा होता. एक अलायनर दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. साडेआठ महिन्यांनी बहुतेक दात ठरल्याप्रमाणे आले, पण वरचा एक दात मागेच राहिला, म्हणून पुन्हा स्कॅनिंग झाले आणि आणखी १२ अलायनर आले. नवे संच तयार होईपर्यंतचा काळ धरून एकूण १४ महिने लागले. हा दुसरा टप्पा बऱ्याच जणांना लागतो, तेव्हा त्याचा खर्च मूळ रकमेत धरलेला आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

'पारदर्शक' या शब्दावरून जे वाटते तेवढे ते अदृश्य नसतात. अलायनरला पकड मिळावी म्हणून माझ्या सात दातांवर दाताच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवले होते आणि अलायनर काढला की ते बोटाला लागत. दोन दातांच्या मधली कडही दोन-तीन ठिकाणी किंचित घासून जागा केली. त्याची मला फार भीती वाटत होती, पण ते घासणे मिलिमीटरच्या काही दशांशांपुरते असते आणि दुखले मुळीच नाही.

वर्गात बोलण्याची मोठी चिंता होती. पहिले चार-पाच दिवस 'स' आणि 'श' अडखळत होते, म्हणून मी रोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचन केले आणि आठवड्याभरात बोलणे पूर्ववत झाले. खरा बदल खाण्यापिण्याच्या सवयींत करावा लागला. दिवसाचे २२ तास अलायनर तोंडात हवा असेल, तर खाणे, पिणे आणि दात घासणे हे सगळे दोन तासांत बसवावे लागते. साध्या पाण्याखेरीज काहीही घेताना तो काढायचा आणि पुन्हा घालण्यापूर्वी दात घासायचे, नाहीतर गोड पेय दातांवर अक्षरशः कोंडून राहते. मला हे जमले, कारण शाळेचे वेळापत्रक ठरलेले असते.

विक्री विभागात काम करणारा, वय ३३

वरच्या अनुभवातील शेवटचे वाक्य माझ्या बाबतीत उलटे झाले, म्हणून मुद्दाम लिहितो. माझे काम फिरतीचे आहे आणि दिवसातून पाच-सहा वेळा कोणाबरोबर तरी काही खाणे-पिणे होते. प्रत्येक वेळी अलायनर काढायचा, डबीत ठेवायचा, दात घासायला जागा शोधायची, हे पहिले दोन महिने मी निष्ठेने केले. नंतर 'संध्याकाळी घालू' असे होऊ लागले आणि २२ तासांचे १५ तास कधी झाले ते कळले नाही. दात ठरलेल्या जागी पोहोचलेला नसताना पुढचा अलायनर घातला की तो नीट बसत नाही. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये रिकामी जागा दिसते. माझ्या खालच्या एका उपदाढेपाशी ती जागा दर आठवड्याला वाढत गेली.

सगळा दोष माझ्या शिस्तीचा होता, असे मात्र नाही. ती उपदाढ बरीच वळलेली होती आणि उपदाढेचा आकार गोलसर असल्याने तिला फिरवताना प्लास्टिकची पकड घसरते. सुळ्याचेही तसेच असते. अलायनर दाताला ढकलण्यात चांगला, पण गोल दात फिरवणे, दात हिरडीतून बाहेर ओढणे किंवा मूळ एका बाजूला नेणे यांत तो कमी पडतो, हे मला अकराव्या अलायनरनंतर सांगण्यात आले. ते पहिल्या भेटीत सांगितले गेले असते, तर मी तेव्हाच तारा निवडल्या असत्या. शेवटी धातूच्या तारा लावल्या आणि ११ महिन्यांत दात फिरून जागेवर आला. तार चोवीस तास आपले काम करत राहते, रुग्णाच्या आठवणीवर ती अवलंबून नसते. माझ्यासारख्या माणसाला याचाच खरा आधार झाला.

आपण सुळा वळलेला आहे असे लिहिले आहे. तो किती अंशांनी वळलेला आहे, हे दोन्ही तज्ज्ञांना नेमके विचारा.

लेखापाल, वय २९

माझे वरचे-खालचे दोन्ही पटाशीचे दात पुढे होते, ओठ सहज मिटत नव्हते. चार उपदाढा काढून ती जागा मिटवत पुढचे दात मागे न्यायचे होते. अशी सुमारे सात मिलिमीटरची फट मिटवताना दात नुसता कलून चालत नाही, मुळासकट सरळ सरकावा लागतो आणि ते नियंत्रण ब्रॅकेट (तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवलेला लहान तुकडा) व तारेने अधिक खात्रीने मिळते, असे मला समजावून सांगितले. म्हणून तारा लावल्या. २६ महिने लागले.

वर दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट आणि खाली धातूचे, अशी विभागणी होती. सिरॅमिक दाताच्या वरच्या आवरणापेक्षा कठीण असते. खालच्या दातांवर ते लावले आणि वरचे दात त्यावर आपटत राहिले, तर वरचे दात झिजतात. कारण कळल्यावर खाली दिसणाऱ्या धातूची खंत उरली नाही. पहिला आठवडा कठीण गेला. गालाच्या आतून छाले आले, टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेणाची गोळी बसवून झोपावे लागले. तार बदलल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकत आणि मऊच खावे लागे. एकदा मागच्या तारेचे टोक बाहेर येऊन गालाला लागत होते, तेव्हा ते कापून घेण्यासाठी वेळ न ठरवताच जावे लागले. अशा अचानक खेपा धरूनच दवाखाना जवळचा निवडावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वच्छता. पहिल्या वर्षी मी ब्रॅकेटवरून नीट ब्रश केला, हिरडीकडच्या बाजूकडे दुर्लक्ष केले. तारा काढल्यावर दोन दातांवर खडूसारखे पांढरे डाग दिसले. ती दातातील खनिजे निघून गेल्याची खूण असते. फ्लोराइडच्या उपचाराने डाग फिके झाले, पण गेले नाहीत. दातांमधील बारीक ब्रश रोज रात्री, तारेखालून, प्रत्येक दातापाशी फिरवा. त्याला दहा मिनिटे लागतात आणि ती द्यावीच लागतात.

निवृत्त, वय ६४

मी १३ वर्षांची असताना, १९७४ च्या सुमारास, मला तारा सुचवल्या होत्या. त्या काळी अनेक ठिकाणी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवत असत. ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याची पद्धत त्याच दशकात रुळत गेली. मी ते पाहून रडून नकार दिला आणि घरच्यांनीही आग्रह धरला नाही. ६१व्या वर्षी तेच काम केले, तारांनी. वयाची आडकाठी आली नाही. दाताभोवतीचे हाड आणि हिरडी निरोगी असेल, तर दात कोणत्याही वयात सरकतो. सुरुवात थोडी संथ होते, एवढेच. एका बाजूला माझा इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात आहे, तो मात्र जागचा हलत नाही, कारण त्याच्या आणि हाडाच्या मध्ये खऱ्या दातासारखे तंतू नसतात. सगळी आखणी त्याला स्थिर मानून करावी लागली.

गृहिणी, वय ५२

मूळ प्रश्नात हिरडीतून रक्त येते असे वाचले, म्हणून राहवले नाही. माझेही तसेच होते आणि मी वर्षानुवर्षे तिकडे लक्ष दिले नाही. पुढच्या दातांत फटी पडू लागल्या, एक दात लांब दिसू लागला, तेव्हा मी दात सरळ करून घ्यायला गेले. एक्स-रेमध्ये दिसले की हिरड्यांच्या आजाराने दातांभोवतीचे हाड बरेच खाली गेले आहे. माझ्या तज्ज्ञांनी तारा किंवा अलायनर यांबद्दल एक शब्दही बोलण्याआधी मला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. खोलवर सफाई, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा सफाई, असे सहा महिने गेले. सूज असलेल्या हिरडीत दात सरकवला तर हाड आणखी झिजते, हे त्यांनी मला चित्र काढून दाखवले.

त्यानंतर अलायनर निवडले, कारण ते काढून ब्रश नीट फिरवता येतो. जोर हलका ठेवला, प्रत्येक अलायनर दोन आठवडे वापरला. फटी मिटल्या. हाड कमी झाल्यामुळे दोन दातांच्या मध्ये हिरडीपाशी लहान काळे त्रिकोण उरले आहेत. ते उरतील असे मला आधी सांगितले होते, म्हणून धक्का बसला नाही. आता मागून बारीक तार कायमची चिकटवलेली आहे आणि दर तीन महिन्यांनी हिरड्यांची तपासणी चालू आहे. ताई, आपण आधी हिरड्या दाखवा. तारा की अलायनर हा प्रश्न सहा महिने थांबू शकतो.

संगणक अभियंता, वय ३१

मी घरपोच येणारे अलायनर घेतले होते. साचा घरीच घेतला. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, एकही प्रत्यक्ष भेट नाही. पुढचे दात पाच महिन्यांत खरोखर सरळ झाले. त्याच सुमारास लक्षात आले की जेवताना दाढा एकमेकींना टेकतच नाहीत, घास चावला जात नाही. दाढांवर सतत प्लास्टिकचा थर राहिल्याने असे होऊ शकते. नियमित तपासणी असेल तर ते वेळीच लक्षात येते. माझ्याकडे पाहणारे कोणी नव्हते. दातांची बैठक पुन्हा जुळवायला तारा आणि वरखाली ताणलेली रबरे लावून दहा महिने गेले.

ग्रंथपाल, वय ३८

मी दोन्ही केले आहे. १५व्या वर्षी तारा, दोन वर्षे, उत्तम निकाल. रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, वर्षभर घातला, पुढे परगावी शिकायला जाताना तो घरीच राहिला आणि मी तो पुन्हा घातला नाही. तिशी ओलांडेपर्यंत खालचे दात पुन्हा चढले. ३५व्या वर्षी नऊ महिने अलायनर वापरून ते परत रांगेत आणले. आता रोज रात्री रिटेनर घालते. पूर्वी मला वाटे की तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला. या वेळी तज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले की दात सरकवणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे आणि उरलेला अर्धा रात्रीच्या रिटेनरमध्ये आहे. दोन-तीन रात्री घातला नाही तर चौथ्या रात्री तो घट्ट लागतो, यावरून दात किती तत्पर असतात ते कळते.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल फार आभारी आहे. दोन्ही तज्ज्ञांकडे पुन्हा जाऊन आले. सुळा सुमारे ४० अंशांनी वळलेला आहे. अलायनर सुचवणाऱ्या तज्ज्ञांना मी त्या एका दाताबद्दल थेट विचारले, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की तो केवळ अलायनरने पूर्ण फिरेल याची खात्री देता येणार नाही. त्यांनीच मग नवा मार्ग सुचवला: वरच्या दातांना आधी पाच-सहा महिने तारा लावून सुळा फिरवून घ्यायचा आणि मग वर-खाली दोन्हीकडे अलायनरने काम पुरे करायचे. पहिल्या तज्ज्ञांनाही ही योजना दाखवली आणि त्यांना ती योग्य वाटली.

तेही लगेच नाही. हिरड्यांच्या तपासणीत खालच्या दातांपाशी दोन ठिकाणी दात आणि हिरडी यांच्यामध्ये पाच मिलिमीटर खोल कप्पे सापडले आहेत. पहिली सफाई येत्या गुरुवारी आहे आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी. ती झाल्यावर इथेच पुढचे लिहीन.