गव्हाणी घुबडाचे उडणे ऐकू का येत नाही?

प्रश्न: काल रात्री नागपुरात अंबाझरी तलावाच्या बांधावर एक गव्हाणी घुबड माझ्या डोक्यावरून जेमतेम दोन हातांवरून गेले, तरी पंखांचा आवाज मुळीच आला नाही, साधे कबुतर उडाले तरी केवढी फडफड होते! याचे कारण कोणी सांगू शकेल का?

उत्तर: घुबडांच्या उड्डाणाचा अभ्यास करणाऱ्या ग्रॅहम यांनी १९३४ मध्येच तीन गोष्टी नोंदवल्या होत्या: पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर आणि वर मखमली लव. मला झालर सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पंखावरची खळबळती हवा मागची कड ओलांडते तिथेच बराचसा आवाज निर्माण होतो, आणि तो वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की ध्वनीची ऊर्जा ३२ पट.

दुसरे उत्तर: जावोर्स्की आणि पीक या संशोधकांनी २०१३ मध्ये गणिताने दाखवले की मागची कड सच्छिद्र आणि लवचीक असेल, तर हा आवाज बराच क्षीण होतो. शिवाय पंख रुंद असल्याने घुबड संथ उडू शकते, हेही विसरू नये.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आज बांधावर एक पीस सापडले. त्याच्या कडेचे तंतू सुटे, रेशमासारखे आहेत आणि कानाजवळ हलवले तरी काहीच ऐकू येत नाही.