सांदण पावसाळ्यात बंद ठेवणं हा आळस आहे का?

कातळवाट
काल एकाने लिहिलं, "सांदण दरी, देवकुंड धबधबा, अंधारबनाची जंगलवाट पावसात बंद करणं हा निव्वळ आळस आहे. जीव माझा, जोखीम माझी." हे काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सांदण म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या साम्रद गावाच्या पठाराला पडलेली भेग. पठारावरचं पाणी त्याच फटीतून कोकणात उतरतं. आत उभं राहिलं की वर आभाळाची एक पट्टी दिसते, बस. मागे कुठे सर कोसळली तर आत पत्ताही लागत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आत होतो. ऊन होतं. जाताना वाटेतल्या पहिल्या डोहाच्या तळाचे गोटे दिसत होते. परतताना तेच पाणी तांबूस झालेलं, वर सुकी पानं नि काटक्या. वाटाड्या एवढंच म्हणाला, "पळा." वर येऊन दम खातोय तोवर, ज्या दगडावर बसून बूट काढले होते तो दगड पाण्याखाली गेला होता. आता सांगा, जोखीम कुणाची? त्या वाटाड्याच्या घरी दोन लेकरं आहेत.

रानपाखरू
ती पोस्ट माझीच. अनुभव मान्य, पण तुम्ही जूनमध्ये आत गेलातच ना? मग बाकीच्यांना कशाला अडवता? ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. फार वाईट झालं. पण सहलीला आलेल्यांचं आणि घाटवाटा तुडवणाऱ्यांचं माप एकच कसं? बंदी हुकमाचं कलम १६३ (पूर्वीचं १४४) लावलं की काम संपलं! फलक नाही, दोर नाही, पाण्याची सूचना देणारं कुणी नाही.
आणि वाटाड्याची सक्ती कशासाठी? वीस वर्षं सह्याद्री फिरतोय, सांदणजवळून कोकणात उतरणारा करोली घाट मला पाठ आहे. गेल्या हिवाळ्यात एका गावात अर्ध्या तासाच्या वाटेचे हजार रुपये मागितले.

उतरण
सक्तीचं राहू द्या, आधी सांदणला "आशियातली दुसरी सर्वांत मोठी दरी" असं लिहिणं थांबवा. कुणी मोजली, कधी मोजली? हे वाचूनच शनिवारी गाड्यांची रांग लागते, रात्री तंबूंपाशी स्पीकर वाजतात. अभयारण्य आहे ते, १९८६ पासून!

घाटमाथ्यावरचा
मी तिकडचाच. हजार रुपये दिसले, पण रात्री दोनला कुणी अडकल्याचा फोन आला की बॅटरी घेऊन खाली कोण उतरतं ते दिसलं नाही. मागच्या खेपेला पाय मोडलेल्या एकाला झोळी करून आम्ही सहा जणांनी वर आणला. तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी भाताची लावणी होती, ती राहिली. पैसे मागितले नाहीत, त्यांनीही विचारलं नाही. पावसात आम्हाला आमचं शेत असतं, दादा. तुमची मौज आणि आमची लावणी एकाच महिन्यात येते.

रानपाखरू
झोळीचं माहीत नव्हतं. त्यांनी विचारायला हवं होतं, ही लाजेची गोष्ट आहे. पण म्हणून प्रत्येकाकडून आगाऊ वसुली करायची? दर ठरवा, गावात पाटी लावा. ज्याला जी किंमत सुचेल ती सांगायची, याला लूट म्हणतात.

घाटमाथ्यावरचा
लूट म्हणू नका. तंबूचे पैसे शहरातला आयोजक घेतो, आमच्या बायका चुलीपुढे बसून शंभर माणसांच्या भाकऱ्या थापतात, हातात किती येतं ते विचारा कधी. पाटीचं मात्र पटतं. आमच्यातलेही दोघे-तिघे वाटेल ते सांगतात, त्यानं सगळ्या गावाचं नाव खराब होतं.

कातळवाट
मी जूनमध्ये गेलो ही माझी चूक होती, रानपाखरू. तेच तर सांगतोय.

रानपाखरू
ठीक. सांदणपुरती पावसातली बंदी मान्य. तिथे पळायला जागाच नाही. अंधारबनाबद्दल मात्र मत बदललेलं नाही, ते जंगल आहे, घळ नव्हे. डिसेंबरात सांदण उतरून करोलीने वर येणार आहे. दोर माझा, वाटाड्या तुमच्या गावचा. पैसे आधी ठरवू.

घाटमाथ्यावरचा
या. सांदणमधल्या दुसऱ्या डोहात तेव्हाही कमरेपर्यंत पाणी असू शकतं, नि त्याला ऊन लागत नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत बांधून आणा.